कौतिका येसर

कुठलीही पुडी हातात आली की काका ती आधी उलटी करत. चहाची असो, उदबत्तीची असो, नाहीतर लेकरांच्या गोळ्यांची. पुढच्या चित्राशी त्यांना देणंघेणं नसे. मागचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ धरून वाचायचा, मान हलवायची आणि म्हणायचं, "बराबर पाहून घ्यावं. मंगच नाव घ्यावं."

जालन्याच्या एमआयडीसीत सळया करणाऱ्या एका मिलच्या वजनकाट्यावर ते होते. ट्रक काट्यावर चढला की क्लीनर खाली उतरला का, हे ते स्वतः केबिनभोवती फिरून पाहत. मागे रांगेतले ट्रक हॉर्न वाजवून बेजार होत. खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवून बघत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा.

मी तेव्हा गावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. मिलची पावतीबुकं न्यायला काका येत. आम्ही बियाण्याच्या पिशव्यांची लेबलंही छापत असू. एकदा त्यातलं एक लेबल त्यांनी सवयीने उलटं केलं. मागे कोराच कागद होता, म्हणून नाइलाजाने पुढून वाचलं.

"छापखानेवाले, ह्या नावाच्या खांद्यावर गोलात काय हाय?"

"नाव रजिस्टर केल्याची खूण, काका. मुंबईच्या कचेरीत एकदा नोंदलं की नाव आपलं. दुसऱ्याला घेता येत नाही."

"कोनालाच न्हाई?"

"कोणालाच नाही."

त्या दिवशी त्यांचा चहा गार झाला.

आठवड्याने ते परत आले. खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं, 'कौतिका येसर'. काकूंचा येसर मी खाल्ला होता. धान्य-डाळी भाजून, मसाला घालून त्या तो असा दळून आणत की लग्नाच्या पंगतीत त्याची आमटी वाढणाऱ्याला दोन फेऱ्या जास्त माराव्या लागत. मिलमधले लोक वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या घेऊन जात. पण काकूंचं नाव तर सुशीला.

"कौतिका कोण?" मी विचारलं.

"तीच. माहेरचं नाव तिचं. पर माझी माय बी कौतिका. एका घरात दोन कौतिका कशा चालतील? सून नवी, मंग तिचंच बदललं." ते नखाने टेबल खरवडत राहिले. "लहान व्हती. सुशीला म्हनून हाक मारली की वळायचीच न्हाई. माय वरडायची. मंग हळूहळू वळाया लागली."

"आता तुमच्या आई नाहीत. तुम्हीच मारा की हाक."

"मायचं नाव बायकोला कसं मारावं तोंडानं? छापलेलं चालतंय."

मी त्यांना ओळखीच्या वकिलांकडे नेलं. ट्रेडमार्कचा अर्ज करण्याआधी ते नाव मोकळं आहे का, याचा शोध घ्यावा लागतो, असं वकील म्हणाले. हे वाक्य जणू काकांसाठीच जन्माला आलं होतं. मुंबईला कागद गेले. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की मसाल्यांत या नावाची नोंद सापडली नाही.

"आता लगेच अर्ज टाका," वकील म्हणाले. "नाव मोकळं आहे, तुमचं झालेलं नाही."

काकांनी तो कागद उलटा करून पाहिला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि जिना उतरता उतरता मला म्हणाले, "मुंबईच्या कागदाला काय ठावं, भोकरदनच्या बाजारात काय इकून राह्यले ते? एकदा पाहून येतो. मंग टाकू."

मी हसलो. तेव्हाच दंडाला धरून परत वर न्यायला हवं होतं. नाही नेलं, याचा मला अजून राग येतो.

मग सुट्टीच्या दिवशी काका एसटीने निघत. भोकरदन, अंबड, जाफराबाद, मंठा. बाजाराच्या दिवशी दुकानादुकानांत जाऊन विचारत, "कौतिका येसर हाय का?" दुकानदार "न्हाई" म्हणाला की काकांचा चेहरा उजळे. पण एखादा "अजून आला न्हाई" म्हणाला तर काळजीत पडत आणि पुढच्या महिन्यात त्याच दुकानात परत जात. सोमवारी छापखान्यात येऊन सांगत, "आंबडला गेल्तो. बिलकुल न्हाई." आम्ही कंपोझिटर मंडळी आपसांत त्यांची नक्कल करायचो. असं दोन वर्षं चाललं.

परतूरच्या दुकानदाराने मात्र सांगितलं, "हाय ना. किती देऊ?"

ती पुडी काकांनी माझ्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी केली नव्हती. मी केली. मागे दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणा व्यापाऱ्याचा पत्ता होता.

"दुकानदारच म्हनला," काका बोलले, "गिऱ्हाईक लई मागायलं व्हतं. साऱ्या बाजारात मागनी हाय म्हने. व्यापाऱ्याला सांगितलं, त्यानं जल्दी काढला."

ते सगळं गिऱ्हाईक एकटे काका होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

वकिलांनी चौकशी केली. व्यापाऱ्याचा अर्ज दाखल होता, मालही दुकानात होता. काकांच्या बाजूने एक जुना कागद, त्यावर 'नोंद सापडली नाही' एवढंच. भांडता येईल, पण हाती काही लागेलसं दिसत नाही, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलं.

"भांडायचं काय?" काका म्हणाले. "मीच मागितला. त्यानं दिला."

पुढचं त्यांनी मला खूप दिवसांनी सांगितलं. ती पुडी काकूंना पिशवीत सापडली. त्यांनी एकेक अक्षर लावून नाव वाचलं आणि देवापुढे नेऊन ठेवली. "मला म्हनली, छापलं म्हना की शेवटी. मी हो म्हनलो. मिशीनीत करून राह्यलेत म्हनलो. काय सांगायला पायजे व्हतं, छापखानेवाले?"

त्यानंतर काका दर महिन्याला ती पुडी विकत आणून घरी देत राहिले. कुठलीच पुडी त्यांना उलटी करताना मी परत पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. भेटायला गेलो तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "थांबा भाऊ, तसं रिकाम्या हातानं जाऊ नका." फळीवरून एक पुडी काढली आणि पदराने पुसून माझ्या हातावर ठेवली. "आपलीच हाय. माझ्या नावाची काढली त्यांनी. टाइम लई लावला, पर बराबर पाहून घेतलं."

त्या पाठमोऱ्या होऊन फळीवरच्या बाकीच्या पुड्या नीट लावू लागल्या. मी मोठ्याने वाचलं, "कौतिका."

सुशीलाकाकू चटकन वळल्या. कुणी हाक मारावी तशा.

पुडी मी न उलटता तशीच पिशवीत ठेवली.