सोमवारच्या गोळ्या आणि शहाणी माणसं

किस्से जमवावे लागत नाहीत हो! एकदा डोक्याने आजारी पडा, आजूबाजूची शहाणी माणसं घरपोच आणून देतात.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही तिघं बोर्लीच्या दवाखान्यात मनाच्या आजाराच्या गोळ्या घ्यायला भेटतो. होडीवरचा दामूदादा, शिवणकाम करणाऱ्या रुक्साना आपा आणि दिवेआगरची होमस्टेवाली मी. बरी होऊन वर्ष झालं, तरी घरात मला कुणी चुलीला हात लावू देत नव्हतं. त्यामुळे बाकड्यावर सगळ्यात जास्त रडगाणं माझंच!

दामूदादाच्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसला. पाय सुजून भोपळा! नव्या डॉक्टरांनी आधी जुनी फाईल चाळली आणि विचारलं, "आवाज ऐकू येतात का?"

"येतंय ना, माझाच! किती येल बोंबलतोय, काटा काढा!"

आपांच्या भाचीच्या लग्नात नवरदेव स्टेजवरून घसरला. आपा पोट धरून हसल्या. मांडव एकदम चिडीचूप! जाऊबाई पाणी घेऊन धावल्या, "भाभी, आज गोळी राहिली का?"

आपा म्हणाल्या, "मी तर हसले. जे हसले न्हाईत त्यांना द्या गोळी!"

मला तर बोर्लीच्या बाजारात एक ओळखीची बाई गाठते आणि कानाशी येऊन ओरडते, "बरी हाएस ना आता?" अगं, डोकं बिघडलं होतं, कान नाही!

शिमग्याला जाऊ माहेरी गेली. मी कुणाला न विचारता बांगड्याचं कालवण केलं. नवरा आणि दीर पानावर बसले, पण भाकरी कुणी मोडेना. आजारात मी 'जेवणात विष घातलंय' म्हणून ताटं भिरकावली होती. आता जेवण माझ्या हातचं! मला कळायचं ते कळलं. इतकं मेल्याहून मेल्यासारखं मला हॉस्पिटलातही झालं नव्हतं.

माझ्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. कित्येक वर्षं त्यांनी मासळी तोंडात घातलेली नाही. त्या ओटीवरून उठून आत आल्या. माळ काढून खुंटीला अडकवली, माझ्या नवऱ्याचं ताट स्वतःकडे ओढलं आणि बांगड्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

नवरा, दीर आणि मी आ वासून बघतोय.

सासूबाईंनी सावकाश काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय गो!"