आनापेलाचा दुसरा बाप्तिस्मा

पेसामिनो न्यूझीलंडहून कायमचा परतला तेव्हा त्याच्या सामानात एक विजेची किटली होती आणि येशू ख्रिस्त होता. किटलीचं गावाला फार कौतुक वाटलं. ख्रिस्ताचं काय करायचं ते कुणाला समजेना, कारण तो फांगालेले गावात आधीपासूनच राहायला होता. थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ दोनशे वर्षं.

भर महासागरातल्या सवाईई बेटावरच्या या गावात साठ घरं आणि साठ घरांच्या मानाने भलंमोठं चर्च. संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा चोरपावलांनी चालतं. त्या वेळात कोणी हिंडताना दिसला तर गावचे वडीलधारे दंड म्हणून डुक्कर घेतात, आणि घेतलेलं डुक्कर परत येत नाही. अशा गावाला पेसामिनो देव सांगायला निघाला. इस्त्रीचा शर्ट खोचून, काखेत बायबल मारून, घरोघर.

सात हंगाम तो तिकडच्या बागेत किवी तोडत होता. पाचव्या हंगामात बागेतल्याच कुणाबरोबर तो एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत गेला आणि थंडगार ओढ्यात उभ्याचा आडवा करून त्याला नखशिखांत बुडवण्यात आलं. पाण्याबाहेर आला तो रडतच. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं मोकळं रडू आलं की तो खोटं बोलत नसतो, हे मान्य करायला हवं. तेव्हापासून त्याची खात्री पटली होती की लहानपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी सुकलं की गेलं. स्वतः ठरवून बुडी घेतल्याशिवाय स्वर्गाचं दार उघडत नाही.

शेजारच्या सापेताने त्याला चहा दिला, नीरफणसाचे भाजलेले काप आणि माशाचं ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "मग आता मी काय करायचं म्हणतोस?"

"बाप्तिस्मा घ्यायचा, मावशी."

"झालाय की माझा. इतकी बोंबलले होते म्हणे की पाद्रीबाबांचा चष्मा पडला."

"तो तुमच्या आईबापांनी ठरवला. तुम्ही स्वतः कधी बुडालात?"

"रोज बुडते. नाहीतर तुझ्या ताटातला मासा काय चालत आला होता?"

असंच सगळीकडे. कोणी वाद घातला नाही, कोणी हाकललं नाही. सगळ्यांनी मान डोलावली, जेवू घातलं, निघताना त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली. तीन महिन्यांत पेसामिनोने एकही माणूस मिळवला नाही, पोट मात्र मिळवलं.

गावाचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता तो बहिणीत.

आनापेला त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. आता साखरेच्या आजाराने पाय सुजलेले, काळीज कमजोर. दवाखान्यातल्या बाईंनी पेसामिनोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार दिवस धरू नका. तरी दर शनिवारी ती पांढरा झगा आणि पांढरी टोपी इस्त्री करायची आणि रविवारी चर्चच्या गायकवर्गात दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या जागेवर बसायची. एक्केचाळीस वर्षं तीच जागा, तोच खालच्या पट्टीतला आवाज. गाण्यात कोणी चुकलं की ती वळून बघायची नाही, फक्त पंखा हलवायचा थांबवायची. चुकणाऱ्याला तेवढं पुरायचं.

आणि बहीण म्हणजे इथे साधं नातं नव्हे. ती भावाचा करार असते. पहिला मासा तिचा, कोरडी चटई तिची. तिच्यापुढे भावाने आवाज चढवायचा नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही. आणलं तर ते त्याच्या घरादाराला भोवतं. गाव पाद्रीबाबांना मान देतं तोही याच नावाने, करार म्हणून. तेव्हा भावाने बहिणीला धर्म शिकवायचा म्हणजे तंगडीने डोक्याला वाट दाखवायची. असलं काही कोणी करत नाही. पेसामिनोने केलं.

रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की तो सुरू व्हायचा. ती पाय पसरून बसलेली, तो त्या पायांना तेल चोळतोय आणि सांगतोय.

"आक्का, तू रोज प्रार्थना करतेस, पण ती सवय झाली."

"जेवणसुद्धा सवयच आहे. सोडू का?"

"तू देवाला स्वतःहून हाक मारायला हवी."

"पेसा, तू कळायला लागल्यापासून मला ऐकतोयस. मी कुणाला हाक मारते असं तुला वाटत होतं?"

तो पुन्हा तेल चोळायला लागला. मनातली भीती मात्र जात नव्हती. एके दिवशी तेल चोळता चोळता त्याच्या हातांखाली तिचा पाय इतका गार लागला की तो हमसून रडायला लागला. "तू तिथे नसलीस तर मी तिथे जाऊन काय करू, आक्का?"

आनापेलाने पंखा खाली ठेवला. मग म्हणाली, "कधी जायचं ते सांग. ओहोटीला नको, फार चिखल असतो."

तिच्या मनात एवढंच होतं की पाणीही देवाचंच आहे. पोरगं निजेल तरी सुखाने. एकदा अंग ओलं झालं म्हणून कुणाचं काय बिघडतंय?

भरतीच्या वेळेला बंदरगावाहून पेसामिनोच्या मंडळीच्या इथल्या शाखेचे एक प्रचारक आले, बरोबर गिटार घेतलेले चारजण. प्रचारकांनी आणि पेसामिनोने तिला दोन्हीकडून धरून कमरेइतक्या पाण्यात नेलं. किनाऱ्यावर अर्धं गाव काही ना काही निमित्ताने उभं. सापेता तर निमित्ताशिवायच.

"अगं आनापेला," ती तिथून ओरडली, "आलीच आहेस तर दोन शिंपले घेऊन ये!"

आनापेला हसली. हसतानाच तिला बुडवलं, त्यामुळे नाकात पाणी गेलं. पेसामिनोने तिला उचलून बाहेर आणलं. त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस त्या बेटावर नव्हता.

गुरुवारी पाद्रीबाबा घरी आले. म्हातारे, मऊ बोलणारे. चटईवर बसल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"आनापेला, मंडळीतले वडीलधारे काल बसले होते. नियम जुना आहे. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला म्हणजे माणसाने स्वतःच सांगितलं, की पहिला खरा नव्हता. म्हणजे आम्ही खरे नव्हतो."

"मी असं काही म्हटलं नाही, बाबा."

"पाण्यात उतरलीस ना." त्यांनी चटईचा काठ सरळ केला. "रविवारी सगळ्यांसमोर उभी राहा. एवढंच म्हण, की ते चुकीचं होतं. मग तुझी जागा तुझीच."

पेसामिनो कडेच्या खांबाशी बसून ऐकत होता. आनापेलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पाद्रीबाबांना नारळपाणी दिलं, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाली, "भाऊ म्हणाला म्हणून मी उतरले. ते चुकीचं म्हणायचं तर भर चर्चमध्ये त्याला चुकीचा म्हणावं लागेल. बहिणीच्या तोंडून ते कसं यायचं, बाबा?"

रविवारी मंडळीच्या यादीतून तिचं नाव वगळल्याचं वाचून दाखवलं गेलं. खिडकीजवळ गायकवर्गातली दुसरी बाई सरकली.

पेसामिनोने तिला बंदरगावच्या मंडळीत नेलं. बसने सव्वा तास. पत्र्याची शेड, मोठे कर्णे, सगळे एकाच सुरात गाणारे, खालची पट्टी कुणाचीच नाही. कुणी तिला प्रेमाने मिठ्या मारल्या, कुणी पायाखाली उशी दिली. दोनदा गेली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "बसमध्ये पाय फुगतात रे." मग ती घरीच राहू लागली. घर म्हणजे चौफेर उघडं आणि चर्च रस्त्याच्या पलीकडे. पहिले काही रविवार ती पांढरा झगा घालून चटईवर बसायची आणि पलीकडचं गाणं सुरू झालं की आपला खालचा सूर धरायची. पुढे झगा घालायची, पण सूर धरायची नाही. मग नुसतीच घराचा खांब धरून आडवी पडायची.

सापेता कुंपणावरून पेसामिनोला म्हणाली, "तुझ्या स्वर्गात गायकवर्ग आहे ना रे? की तिथेही तिला बाहेर बसवणार?" नेहमीसारखी हसली नाही ती.

पेसामिनोला सगळं दिसत होतं. पण तिने ती बुडी नाकारली तर? दवाखान्यातल्या बाईंनी दिलेले दिवस संपत आलेले. इथली जागा मिळवून देताना तिथली घालवली तर? या हिशेबात त्याने पाच महिने काढले. तो पाद्रीबाबांकडे जाऊन आला, चूक माझी म्हणाला. ते म्हणाले, "तू म्हणून भागत नाही. पाण्यात ती उतरली."

शेवटी एका दुपारी तो तिच्या उशाशी गेला. आधी खोकला, मग म्हणाला, "आक्का, सांगून टाक त्यांना. चुकलं म्हण. मला चालेल."

तिने डोळे उघडले. आवाज बराच खोल गेला होता. "तू म्हणालास म्हणून बुडले. आता तू म्हणतोस म्हणून वर येऊ?"

"पण तुझी जागा..."

"माझ्या देवाला तू किती वेळा पत्ता बदलायला लावणार आहेस, पेसा?" मग तिने हात पुढे केला, त्याने धरला. "जा, अळूचे कंद जळतायत."

अकरा दिवसांनी ती गेली. घरासमोरच्या ओट्याशेजारी, आईच्या थडग्याजवळ खड्डा खणला. गायकवर्गातल्या साऱ्या बाया आल्या, पांढऱ्या टोप्यांसकट, आणि शेजारणी म्हणून गवतावर बसल्या. गाणं त्यांच्याकडे नव्हतं. यादीत नसलेल्या माणसासाठी गायकवर्ग गात नाही. पाद्रीबाबाही आले आणि मागे, आंब्याखाली बसले. प्रार्थना बंदरगावच्या प्रचारकांनी चालवली. भला माणूस, मनापासून बोलत होता.

"या भगिनीने एकाहत्तर वर्षं अंधारात काढली," ते म्हणाले. "आयुष्याच्या शेवटच्या सहा महिन्यांत प्रभूने तिला शोधून काढलं. हालेलुया!"

गिटारवाले चौघे हालेलुया म्हणाले. गवतावर कोणी हललं नाही. सापेताने तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबला.

मग रीतीप्रमाणे भावाने उठून आलेल्यांचे आभार मानायचे असतात. पेसामिनो उठला. शर्ट खोचलेला, बायबल काखेत. समोर ती टोप्यांची रांग होती, त्यातल्या निम्म्या बायांना आनापेलाने गायला शिकवलेलं.  त्याला एवढंच सांगायचं होतं की अंधारात नव्हती, मी तिच्याच हाताला धरून प्रार्थना करायला शिकलो. पण तेवढं सांगितलं तर मग तिला पाण्यात कशासाठी नेलं, हेही सांगावं लागणार होतं.

लोक वाट बघत होते. डुकराचं मांस गार होत होतं.

"या," तो म्हणाला. "जेवायला बसा." आणि खाली बसला.

प्रचारकांनी निघताना त्याच्या पाठीवर थोपटलं आणि पुढच्या रविवारची बसची वेळ सांगितली. त्याने मान डोलावली, जशी गावाने त्याला डोलावली होती. त्या बसमध्ये तो बसला नाही. रस्ता ओलांडून चर्चमध्येही गेला नाही. घंटा झाली की तो घरात बसतो, गुडघे दुमडून, हात जोडून, आणि ओठ हलत नाहीत. सापेता म्हणते, मनातल्या मनात प्रार्थना म्हणत असेल. सापेता बऱ्याच गोष्टी म्हणते. हे मात्र तिने कुणाला पटवून द्यायचा प्रयत्न केला नाही.