भैरोबाचा कौल आणि माझी काकवी

भैरोबाने मला फसवले, हे माझे मत आजही कायम आहे. तो बोलत नाही म्हणून सगळे त्याची बाजू घेतात, इतकेच.

शिराळ्याच्या अलीकडे आमच्या गावात माझे गूळ-काकवीचे दुकान. डोक्यावर डबा घेऊन दारोदार काकवी विकत मी ते उभे केले. सौद्यात मला कोणी हरवले नव्हते. फक्त राग जरा लवकर यायचा. मी गिऱ्हाईक हाकलायचे आणि माझ्या मंगलने ते वेशीवरून परत आणायचे, अशी आमची कामाची वाटणी होती. आणि ही मुलगी बारावी झाल्यावर म्हणते, "आण्णा, मी सांगलीला शिकाय जाणार. विश्रामबागंत मावशीकडं ऱ्हाईन."

"आन् दुकान?"

"दुकान तुमचं हाय. मला काय तुमी माल म्हणून भरलेलं न्हाई."

(असे बोलायला ती माझ्याकडूनच शिकली होती.)

आठ दिवस घरात भांडण चालले. शेवटी बायको म्हणाली, "आवं, तुमी माझं ऐकत न्हाईसा, पोरीचं ऐकत न्हाईसा. भैरोबाला कौल लावा. त्यो सांगंल ते तिघांनी ऐकायचं."

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीत हेच करतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी लगेच कबूल झालो. मी लगेच कबूल होतो तेव्हा सावध व्हावे, हे बायकोला इतक्या वर्षांत कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेलो. नैवेद्याची वाटीभर काकवी मी आग्रहाने माझ्याच हातात ठेवली होती. बाहेर ऊन रणरणत होते. गाभाऱ्यात मात्र पायाला गार लागत होते. समईची ज्योत चित्रात काढल्यासारखी स्थिर. भैरोबाचे चांदीचे डोळे नेमके माझ्यावर. मी बाजूला सरकलो. डोळे तिथेही माझ्यावरच.

"पाकळ्या द्या हिकडं," नजर अधू झालेले भाऊ गुरव हात पुढे करून म्हणाले.

"ही उजवीची," मी म्हणालो आणि देता देता तिला मागून काकवीचे बोट लावले. घट्ट काकवी, माझ्या दुकानची. पाटाला फासली तर पाटावरचा माणूस उठणार नाही. बोट धोतराला पुसले. डावी पाकळी नुसत्या पाण्याची.

भाऊंनी गाऱ्हाणे घातले, "देवा, पोर सांगलीला शिकाय जातीया. जाऊ द्यायची तर उजवी दे."

पाव तास गेला. नुसत्या पाण्याने लावलेली डावी पाकळी एव्हाना पडायला हवी होती. पडेना. अर्धा तास झाला. कोणी खोकलेसुद्धा नाही. बाहेर एक कावळा ओरडत होता, तोही गप्प झाला.

"भाऊ, डाव्या अंगाला पाणी लय लावलं का?" मी कुजबुजलो.

"लावायचं काम माझं. पाडायचं त्येचं."

आणि उजवी पाकळी हलली. पडली नाही, चालू लागली. देवाच्या खांद्यावरून छातीकडे, हळूहळू, कोणीतरी न दिसणाऱ्या बोटाने सरकवावी तशी. बायकोने माझा दंड धरला. पाकळी छातीच्या मधोमध थांबली, जराशी माझ्याकडे वळली आणि देवाच्या पायांशी पडली.

"उजवी दिली," भाऊंनी हात जोडले.

मंगलने समई जवळ नेली. "मुंग्या हायत्या."

"न्हाई गं बाई," भाऊ म्हणाले. "तीस वर्सं बघतोय, हितं गुळाचा खडा पडून ऱ्हातो. मुंगी फिरकत न्हाई."

मंगल मुंग्यांच्या ओळीमागे उजेड नेत गेली. ओळ देवाच्या खांद्यावरून चौथऱ्यावर, चौथऱ्यावरून फरशीवर आणि फरशीवरून सरळ माझ्या धोतरावर चढली होती. बोट पुसले होते तिथपर्यंत.

"आवं, वाटीत बोट कशाला बुडवलंसा?" बायकोचा आवाज फार थंड होता.

"चव बघितली."

"देवाच्या आधी?"

मी आवाज चढवला. "ह्यो कौल धरायचा न्हाई. पाकळी मुंग्यांनी पाडली, देवानं न्हाई."

"मग मुंग्या कुणी धाडल्या, आण्णा?" मंगल म्हणाली. "आटपाडीच्या बाजारातनं आल्या व्हय?"

संध्याकाळी मी एकटाच बॅटरी घेऊन मुंग्यांचे बीळ शोधायला गेलो. भिंतीला चीर नाही, फरशीला फट नाही. मुंगी एकही नाही. देवाच्या खांद्यावर काकवीचा डागसुद्धा नाही. डावी पाकळी मात्र वाळून पापडासारखी झाली होती आणि तिथेच चिकटून होती. मी फुंकर मारली. पडली नाही. आणखी जोरात मारली. समई विझली, पाकळी पडली नाही.

मी घरी येऊन माळ्यावरची ट्रंक मुकाट खाली काढली.

मंगल गेल्यावर हाकललेले गिऱ्हाईक परत आणायला कोणी उरले नाही, म्हणून मला हाकलणेच बंद करावे लागले. गावात सांगतात, भैरोबाने हळूच आण्णाचा राग काढून घेतला. काढून घेतला असेल, पण मला विचारून नाही.

अजून देवळात जाताना बायको मला पायरीवर थांबवते आणि माझे हात हुंगते. परवा मंगल सांगलीहून आली होती. तिने आधी हात हुंगले, मग पाया पडली.