घोट्याजवळची सुई

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोला, कुंदाला, तर नाहीच. आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

समारंभांची मला पहिल्यापासून चीड. शाल, श्रीफळ, न संपणारी भाषणं — यांची टर उडवणं हा माझा जुना छंद. सटाण्याला सासऱ्यांच्या सत्कारात माझ्या हाती माईक आला, तेव्हा हसावं असं तिथं खूप होतं. पण पुढच्या रांगेत आमदार बसलेले. त्यांच्यावर विनोद करायला छाती लागते — ती कुठून आणणार? कुंदा मात्र सारखी उठून मंडपाबाहेर जात होती. तिला लघवीची घाई व्हायची, थोपवता यायची नाही — हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "भाषण किती लांबलं ते बघायला घड्याळ कशाला? आमच्या सौ. कितीदा उठल्या ते मोजा!"

सगळा मंडप हसला. सासरेही. कुंदा तेव्हा दारातून आत येत होती.

त्यानंतर ती माहेरी गेली नाही. पूर्वी आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं सोडून का होईना, पण एसटीत बसायची. एकदा तिनं चाचरत विचारलं, "डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हणालो, "मन घट्ट कर. मनाचे खेळ आहेत सगळे."

पुढे तेच दुखणं मला जडलं. मन घट्ट करून पाहिलं — धोतर धुवायला टाकावं लागलं.

आता गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात दर आठवड्याला माझ्या घोट्याजवळ बारीक सुई टोचून मंद वीज सोडतात. तिथली नस म्हणे मूत्राशयाच्या नसांना शांत करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हृदय धडधडताना तुम्हाला विचारतं का? मूत्राशयाचाही बराचसा कारभार तसाच. लाज कसली? काकूंना आहे का असा त्रास? घेऊन या त्यांना."

"छे! तिला काही नाही," मी म्हणालो.

का? ती आली असती, तर मी इथं कशासाठी येतो ते तिला कळलं असतं. एवढंच.

घरी मी टाचदुखी सांगितलीय. रोज संध्याकाळी कुंदा तेल कोमट करून पाय चोळते. "कुठं दुखतंय?" विचारते. मी कुठंही बोट ठेवतो.

"उतार पडला की सटाण्याला माझ्या दादाकडे जाऊन या," ती काल म्हणाली. "माझं काही जमायचं नाही, तुम्हाला माहितीये."

मला उतार केव्हाच पडलाय. पाय अजून तिच्या मांडीवर असतो.