बाबांच्या बिनकामाच्या ओळी

दुपारी वाडीत पोफळींच्या सावल्या हलत असतात, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो, आणि मी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यासमोर अर्धवट झोपेत असल्यासारखी काम करते. दिवेआगरला परतल्यापासून माझं हे असंच. त्याच पडद्याने बाबांना वेड लावलं होतं. मोतीबिंदूनंतर त्यांना रंगीबेरंगी चित्रं नकोशी झाली होती; काळ्यावरची पांढरी अक्षरं मात्र आवडली.

लिनक्स या संगणकप्रणालीत आपल्या आवडीनिवडी ज्या फायलींत साठतात, त्यांच्या नावाआधी एक टिंब असतं. टिंब असलं की फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही. बाबांच्या लॅपटॉपवर अशा एका फायलीत मी सोपे आदेश घालून दिले. ‘भरती’ लिहिलं की त्या दिवशीची भरतीची वेळ यायची. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब त्यांनीच मला शिकवला होता.

मग त्यांना कळलं, की ओळीआधी # ही खूण टाकली तर संगणक ती ओळ सोडून देतो. झालं! “मशीन वाचत न्हाय ना? मग बरंच हाय,” म्हणाले आणि रोज तिथेच लिहायला लागले. ‘आज वाडीचं शिपणं झालं.’ ‘विहिरीवर खंड्या बसला होता.’ मी चिडायचे. मला माझ्या फायली लख्ख लागतात. एकदा तर न विचारता त्यांच्या सगळ्या ओळी उडवल्या.

बाबा गेले. वर्षभराने त्यांचा लॅपटॉप शाळेला द्यायचं ठरलं. ‘सगळं’ या अर्थाची चांदणीची * ही खूण टाकून मी त्यातलं सगळं माझ्याकडे उतरवलं आणि जुना पुसून टाकला. संध्याकाळी त्यांची फार आठवण आली, म्हणून ‘भरती’ लिहिलं. असा आदेशच नाही, असं उत्तर आलं. बाबांची टिंबवाली फाइल माझ्याकडे आलीच नव्हती, जुन्याबरोबर पुसली गेली होती. नुसती चांदणी टाकली तर टिंबवाल्या फायली मागे राहतात, हे मी नवख्यांना शिकवते!

दोन दिवसांनी बाबांच्या लॅपटॉपवरून उतरवलेले वाडीचे फोटो चाळताना त्यांच्यात ‘रोप’ नावाची एक फाइल दिसली, बिनटिंबाची. आमच्याकडे जुनी पोफळ पडायची वाट बघत नाहीत, तिच्या शेजारी आधीच नवं रोप लावून ठेवतात.

फाइल उघडली. माझे आदेश होते, त्यांखाली बाबांच्या ओळी. मी उडवलेल्यासुद्धा त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिल्या होत्या. अगदी वर लिहिलं होतं, ‘# पोरगी लय साफसफाई करते. म्हणून हितं लावलं.’

मला रडू आवरेना. मशीन त्या ओळी वाचत नव्हतं. पण मी तरी कुठे वाचल्या होत्या? डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.