कोरड्या ठेवायच्या चकत्या

थोरला भाऊ मोटारसायकलवरून पडून गेला तेव्हा आमचं घर परभणीजवळ पिंगळीत होतं. तो सरकारी सलोत्री होता, म्हणजे ढोरांचा डॉक्टर. युद्ध संपल्यावर फौजेच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यानं ती गाडी घेतली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीकडे जाताना मोरीच्या अलीकडे तो खडीवर फेकला गेला आणि संध्याकाळी दवाखान्यात वारला.

समोरून एक बैलगाडीवाला येत होता. त्यानं पाहिलं ते सांगितलं. हँडल डावी-उजवीकडे इतक्या झपाट्यानं हलत होतं, की भावाचे हात नीट दिसत नव्हते. गाडी जोरात होती का, हे त्याला सांगता येईना. “मी बैलगाडीत बसणारा,” तो म्हणाला, “मला समदंच जोरात वाटतं.”

वडिलांनी मात्र कारण ठरवून टाकलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ओट्यावर बसून सांगत, “लय जोरात हाणायचा. किती सांगितलं, ऐकलं न्हाई.” माणसं मान डोलवत. पोराचीच चूक, असं म्हणत उठून जात.

वहिनी हे दारामागून ऐकत. सासऱ्यासमोर तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. तेरा दिवस झाल्यानंतर त्यांनी मला परसात गाठलं.

“भावजी, ते जोरात चालवायचे न्हाईत. मी मागं बसलेली हाय. समदं गाव त्यांनाच नाव ठेवायलंय, मला ऐकवत न्हाई. तुमाला गाडीतलं कळतं. एकदा बघा.”

मी तेव्हा परभणीत राहून सर्व्हिस मोटारींच्या, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या, मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकत होतो. गाडी गोठ्याशेजारी उभी होती. पाय ठेवायचा पायटा वाकला होता, दिवा फुटला होता, बाकी मार फारसा नव्हता. इंजिनाखाली लाकडाचा ओंडका सारून पुढचं चाक अधांतरी केलं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठं अडकलं नाही. चाकाजवळचे दोन्ही दांडे धरून पुढं-मागं हिसकले. हँडलच्या मानेतल्या छऱ्यांत खडखड नव्हती. चाकाच्या तारा एकेक करून पान्यानं वाजवल्या, सगळ्यांचा आवाज सारखा आला. दोन्ही चाकांना लावून सुतळी ताणली. चाकं एका रेषेत होती. पुढची मोठी स्प्रिंग धड होती.

वडील ओट्यावरून पाहत होते. “काय बघायलास तिच्या तोंडात? बैलाचे दात मोजायलास का?”

पायटा सरळ केला आणि गाडी मोरीच्या रस्त्यावर नेली. वेग बेताचाच ठेवला होता. बैलगाडीच्या चाकोरीतून पुढचं चाक वर आलं आणि हँडल थरथरू लागलं. ती थरथर थांबण्याऐवजी वाढत गेली. मी वेग सोडला, तेव्हा कुठे ती हळूहळू शमली.

अशा रस्त्यावर असा धक्का कुठल्याही गाडीला बसतो. तो तिथंच जिरावा म्हणून हँडलच्या मधोमध एक काळी मूठ असते. ती आवळली की खालच्या चकत्या एकमेकींवर घासतात आणि हँडल जड होतं. तशाच चकत्या स्प्रिंगच्या बाजूलाही असतात; चाकाची वर-खाली उसळी त्या धरून ठेवतात. मी मूठ पूर्ण आवळली आणि परत त्याच चाकोरीवरून गेलो. काही फरक पडला नाही. हँडल तसंच हलकं होतं.

घरी येऊन मूठ उघडली. चकत्या तेलानं चकाकत होत्या. बाजूच्याही तशाच निघाल्या. तेल एरंडेलाचं होतं. कुठलाही मिस्त्री त्या जागी तेल घालत नाही. त्या चकत्या घासण्यासाठीच असतात, कोरड्याच ठेवायच्या असतात. एरंडेल गाडीवान घालतात, बैलगाडीच्या आसाला.

वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एक चकती हातात घेतली, नाकाजवळ नेली.

“खंडेनवमीला मामंजींनी नांगर, विळे, बैलगाडी समदं धुतलं,” त्या म्हणाल्या. “मग म्हणले, पोराची गाडीबी पूजेत ठिवा. तेल मीच चुलीवर कोमट करून दिलं. चिंधीची वात करून त्यांनी फट दिसंल तिथं सोडलं. दसऱ्याला हे सोनं वाटून आले अन् म्हणले, हँडल लय हलकं लागायलंय. मामंजी किती खूष झाले.”

त्यांनी चकती माझ्या हातात परत दिली.

“म्हंजे त्यांची चूक नव्हती.”

“नव्हती.”

“मग आता मामंजींना सांगताव का?”

भावाचं नाव साफ करायचं, तर वडिलांच्या हातातली ती चिंधी दाखवावी लागणार होती. तिसरा रस्ता मी शोधून पाहिला, सापडला नाही.

चकत्या पेट्रोलनं धुतल्या, पण तेल आत मुरलं होतं. परभणीहून सर्व्हिस मोटारीच्या ब्रेकचं जुनं लायनिंग आणलं, त्यातून नव्या कापल्या, कोरड्याच बसवल्या. गाडी घरासमोरच्या चाकोरीतून आडवी काढली. हँडल एकदा हललं आणि जागच्या जागी थांबलं.

वडील ओट्यावरून उतरून जवळ आले. त्यांनी हँडलला हात लावला, हलवून पाहिलं. ते जड लागलं असावं; त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“काय निघालं रे?”

मी गाडी स्टँडवर घेतली. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारामागून आवाज आला. सासऱ्याला उद्देशून त्या आवाजात निघालेलं ते पहिलंच वाक्य होतं.

“काहीच न्हाई निघालं, मामंजी. तेच जोरात चालवायचे.”

वडील दाराकडे बघत राहिले. मग “म्हणलंच होतं मी,” एवढं बोलून ते ओट्यावर जाऊन बसले.

पुढे ते जगले तोवर आल्यागेल्याला भावाची हकीकत सांगत. शेवटी म्हणत, “माझं खोटं वाटत असंल तर सुनेला विचारा.” आलेला माणूस संकोचानं आत पाही. वहिनी पदर नीट करून मान हलवत.