हिरव्या पट्टीची शिवण

नकाशे छापणाऱ्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. मोटारीनं हिंडायला निघालेल्या माणसाला कुठला रस्ता देखणा आहे ते कळावं, म्हणून नकाशात त्या रस्त्याच्या कडेनं हिरवी पट्टी द्यायची. सर्व्हेवाले डोंगरात फिरून यायचे आणि वहीत टिपून आणायचे. दरी लांबवर दिसते. पाणी आहे. खाण नाही. अशा तीन खुणा जमल्या की रस्ता हिरवा. त्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं, आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना हिरवेकाका म्हणायचे. रागावली की घरी बायकोही म्हणायची, "हिरवेकाका, पिशवी घ्या, भाजी आणा."

गंमत अशी, की हिरव्या केलेल्या घाटांपैकी एकही घाट त्यांनी स्वतः धड पाहिला नव्हता. वळणाचा रस्ता लागला की त्यांच्या पोटात कालवायचं, आणि मग सगळा वेळ डोळे मिटून, तोंडात लिंबाची फोड धरून जायचा. घाट त्यांना कागदावरच बरे वाटायचे.

निवृत्तीला चार वर्षं झाली आणि धाकट्या मुलीनं गाडी घेतली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, साऱ्या दुनियेला चांगले रस्ते दाखवलेत. मला एक तरी दाखवा."

"दाखवू की," ते म्हणाले.

"आणि शेवटचा मुक्काम माझ्या भावाकडे."

यावर हिरवेकाका नुसते चष्मा पुसत राहिले.

भाऊ म्हणजे तिच्या पाठचा, पूर्वी गावात शिवणकामाचं दुकान असलेला. बावीस वर्षांपूर्वी हिरवेकाकांनीच त्याच्या डोक्यात खूळ भरवलं होतं. "तुमच्या गावाजवळच्या खिंडीच्या रस्त्याला मी हिरवी पट्टी देतोय. नकाशा निघू दे, गाड्यांची रीघ लागेल. खिंडीतलं ते रस्तादुरुस्तीच्या मजुरांचं घर रिकामं पडलंय ना? घे, आणि पाच खोल्या कर." मेहुण्यानं दुकान मोडलं आणि बायकोला घेऊन खिंडीत जाऊन बसला. नकाशा निघाला. गाड्या काही आल्या नाहीत.

चार वर्षं वाट बघून मेहुणा एक दिवस यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पुढ्यातल्या चहाला हात न लावता त्यानं विचारलं, "दाजी, पट्टी आमच्याच रस्त्याला आहे ना? नक्की?"

हिरवेकाकांना ते झोंबलं. एरवी मुंगीला वाट देणारा माणूस, पण त्यांच्या कामावर शंका घेतलेली खपायची नाही. त्यांनी कपाटातून नकाशाचं शीट काढलं आणि नदीवरच्या पुलावर बोट ठेवलं. पुलापाशी दोन रस्ते फुटत होते. मेहुण्याच्या खिंडीकडे जाणाऱ्या खालच्या रस्त्याला शीटच्या कडेपर्यंत हिरवीगार पट्टी होती.

"ही काय आहे? पट्टी मी दिली. आता हसरं तोंडही मीच देऊ का? तुझं तोंड बघूनच गिऱ्हाईक गाडी फिरवत असेल!"

मेहुण्याच्या मिशा मुळातच खाली उतरलेल्या. तो उठला. चहा तसाच राहिला. त्यानंतरची अठरा वर्षं बहीण-भावाचं बोलणं फोनवर व्हायचं, तेही हिरवेकाका अंघोळीला गेल्यावर.

पण बायकोनं मनावर घेतलं होतं, आणि रस्ता आखायचा म्हटल्यावर हिरवेकाकांनाही राहवेना. आठ दिवस ते आलेखाच्या कागदावर मान मोडून बसले. दोन दिवस, तीन घाट. सकाळी ऊन पाठीवर हवं, म्हणून पहिला घाट दहाच्या आत. उभा चढ आहे तो चढायचा, उतरायचा नाही. दरी बायकोच्या बाजूला यावी म्हणून एका ठिकाणी सगळा फेराच उलटा केला.

बायकोनं कागद वाचला. "यात जेवायचं कधी?"

"बघतो," म्हणून त्यांनी एक थांबा घातला.

सगळा रस्ता एकदम बघायचा तर दोन शीटं शेजारी लावायला हवी होती, आणि टेबल पुरेना. "अहो, खाली अंथरा की," बायको म्हणाली. त्यांनी ब्लेडनं पांढरी कड कापली आणि दोन्ही शीटं जमिनीवर एकमेकांना भिडवली. हे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. कचेरीत एक शीट एका आठवड्यात व्हायचं, आपल्या खणात जायचं आणि सुटं विकलं जायचं. शेजारचं शीट हा शेजारच्या खणाचा प्रश्न.

बायको गुडघे टेकून बसली आणि पुलापासून बोट चालवू लागली. "हा पूल. हे हिरवं. हे हिरवं... अगंबाई! हिरवं संपलंच की इथं. आणि पलीकडे ते वरच्या रस्त्यानं चाललंय. ही कसली डिझाइन हो?"

"शीट सरकलं असेल." त्यांनी शीट थोडं हलवलं. नदीला नदी जुळली. डोंगराच्या रेषांना रेषा जुळल्या. हिरव्याला हिरवं तेवढं जुळेना.

त्यांनी भिंग आणलं. सांध्यापाशी दोन रस्ते एका बोटाच्या अंतरानं जात होते. डावीकडे पट्टी खालच्याला होती, उजवीकडे वरच्याला. त्या काळी दोन्ही रस्त्यांना नंबर नव्हते. खिंडींना नावं नव्हती, नुसते उंचीचे आकडे. मेहुणा मात्र पहिल्या चार वर्षांत फोनवर सगळ्यांना एकच पत्ता सांगायचा, तो त्यांनी हजारदा ऐकला होता: "सात वळणं चढलात की आमचं दार." त्यांनी उजवीकडच्या हिरव्या रस्त्याची वळणं मोजली. तीन. दुसऱ्या रस्त्याची मोजली. सात. भिंग पुसून परत मोजली. सातच.

त्यांच्या कानात एकदम सुन्न झालं. बायको काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. त्यांना आठवलं ते एवढंच, की डावं शीट त्यांनी एका शनिवारी संपवलं होतं आणि उजवं सोमवारी हातात घेतलं होतं. शनिवार-सोमवारच्या मध्ये बोटभर चूक झाली, पुढच्या प्रत्येक आवृत्तीला छपाईची तीच फिल्म लागत गेली, आणि त्या बोटभर चुकीत एक माणूस बावीस वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत बसला. वर त्याला आपण काय म्हणालो! पुरावा म्हणून दाखवलं तेही डावंच शीट. उजवं काढायचं सुचलंसुद्धा नाही.

"अहो, तोंड असं पांढरं का पडलंय?"

"छपाईत काहीतरी गडबड," ते म्हणाले. आपली चूक छापखान्यावर ढकलायची त्यांची ही पहिलीच वेळ. बायकोनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि शीटं गुंडाळायला घेतली.

निघायच्या सकाळी त्यांनी मुलीला सांगितलं, "आधी हिरव्या रस्त्यानं वर जायचं. मग पुलावर परत येऊन मामाकडे."

"बाबा, उगीच दुहेरी फेरा? तुम्हाला मळमळणार."

"मळमळू दे."

हिरव्या रस्त्याच्या माथ्यावर पोचले, तर तिथं हे एवढं वाहनतळ! चार लॉज, तीन खानावळी, दुर्बिणीतून दरी दाखवणारा एक माणूस, आणि दरीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढणारे शेदीडशे लोक. समोरचा डोंगर खाणीनं अर्धा खाल्लेला. हिरवेकाका गुंडाळी काखेत धरून नुसते उभे राहिले. आपण पाहतोय ते खरं आहे, हेच त्यांना पटेना.

एका लॉजचा मालक कौतुकानं जवळ आला. "कागदाचा नकाशा? अजून वापरता, आजोबा? ह्या पट्टीनं जगवलं बघा आम्हाला. आधी इथं कुत्रं फिरकत नव्हतं. आमचे वडील म्हणायचे, ज्यानं ही पट्टी ओढली त्याचे हात सोन्यानं मढवीन."

हिरवेकाकांनी हात खिशात घातले.

तेवढ्यात लाल गाडीतलं एक जोडपं खोली विचारायला आलं. मालकानं मान हलवली, सगळं भरलेलं. आणि जन्मभर अनोळखी माणसाला वेळसुद्धा न विचारलेले हिरवेकाका त्या जोडप्याच्या मागं अक्षरशः धावले. "पुलावर परत जा. दुसरा रस्ता धरा. सात वळणं चढलात की घर आहे. तिथं खोल्या आहेत. खाण नाही."

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "बाबांना ताप आहे का बघ."

दुसऱ्या रस्त्याला पुढं-मागं एक गाडी दिसेना. हिरवेकाका डोळे मिटून, लिंबाची फोड चघळत वळणं मोजत होते आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. माझ्या हातून एक. नको. तुझ्या बाबतीत माझं जरा. नको.

"बाबा, थांबवू का? उलटी होतेय?"

"नाही. पाच."

सातव्या वळणावर त्यांनी डोळे उघडले. लांबट बैठं घर होतं, अंगणात उन्हात शिलाईचं मशीन, आणि मशीनवर ताडपत्री शिवणारा एक म्हातारा. गाडीचा आवाज ऐकताच तो उठला आणि खाली मान घालून घराच्या मागच्या बाजूला निघून गेला.

"धाकटाच तो!" बायको म्हणाली. "आत का गेला हा?"

का गेला ते आपल्याला ठाऊक आहे, असं हिरवेकाकांना वाटलं. तोंड बघायचं नाही आपलं. ते गाडीतच बसून राहिले.

पुढच्या दारातून मेहुण्याची बायको पदराला हात पुसत आली. गाडीत कोण आहे ते कळल्यावर ती आधी थबकली, मग नणंदेच्या गळ्यात पडली, आणि मागं वळून ओरडली, "अहो, या बाहेर! गिऱ्हाईक नाही, ताई आहेत!"

मेहुणा आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, उतरलेल्या तशाच होत्या. "या दाजी," म्हणाला. बायका आणि मुलगी स्वयंपाकघरात गेल्या. पुढच्या खोलीत हे दोघंच राहिले. हिरवेकाका जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. त्यांनी नुसती गुंडाळी सोडली आणि टेबलावर शीटं पसरायला लागले. ती परत परत गुंडाळली जात होती.

"राहू द्या," मेहुणा म्हणाला. त्यानं गिऱ्हाइकांच्या नावांची वही उचलली आणि तिच्याखालून घडी घातलेला एक कागद काढून उलगडला. तीच दोन शीटं, पण मशीनवर बारीक टाके घालून एकमेकांना शिवलेली. शिवणीच्या एका अंगाला हिरवी पट्टी खालच्या रस्त्याला होती, दुसऱ्या अंगाला वरच्या.

हिरवेकाका खुर्चीत बसले. खरं तर पडले.

"रस्ता चुकून एक जोडपं आलं होतं," मेहुणा म्हणाला. "हिरवा रस्ता मध्येच हरवला म्हणून भांडत होती दोघं. जाताना हे विसरून गेली. मी शिंपी माणूस. दोन तुकडे हातात आले की आधी भिडवून बघतो. शिवणीवर डिझाइन जुळली नाही की मला लगेच दिसतं."

"कधी?"

"झाली पंधरा वर्षं."

"पंधरा! आणि बोलला नाहीस?"

"तुम्ही नोकरीत होतात. कचेरीत कळलं असतं तर? ताईचं घर चालायचं होतं." तो शिवणीवरून अंगठा फिरवत होता. "आणि चूक काय, होते. मी एकदा एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. ते काही मनात नाही, दाजी. ते तोंडाचं बोललात ना, ते आहे."

हिरवेकाकांनी टेबलावरचं शीट उगीचच सरळ केलं.

"आमच्या हिला नकाशाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हिनं तुमच्या दारात येऊन तमाशा केला असता. म्हणून ही आजपर्यंत समजते, की गिऱ्हाईक माझ्या तोंडामुळंच येत नाही. तुमचं वाक्य मी तेव्हाच घरी येऊन सांगितलं होतं, ते पाठ आहे तिला. गाडी थांबली की मला मागं पाठवते आणि आपण पुढं होते. आता सवय झालीय. आवाज आला की माझे पायच आत वळतात."

अंगणातून मागं जाणारा तो खाली मानेचा म्हातारा हिरवेकाकांना पुन्हा दिसला. मघाशी नकाशा पाहून बसला होता त्याहून हा धक्का मोठा होता.

"चला," मेहुणा म्हणाला, "आधी बाहेर या."

अंगणाच्या टोकाला कमरेएवढा कठडा होता. हिरवेकाकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली पाहिलं. खाली सातही वळणं एकाखाली एक पडलेली होती. त्यांच्या खाली नदी, आणि नदीपलीकडे डोंगरामागं डोंगर, शेवटचा तर आकाशातून वेगळा काढता येऊ नये इतका फिका. या वेळी त्यांना डोळे मिटावेसे वाटले नाहीत. बावीस वर्षांपूर्वी कुणा सर्व्हेवाल्याच्या वहीतल्या तीन खुणांवरून त्यांनी हा रस्ता निवडला होता. ते हे होतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"हिरवी द्यायला हवी होती की नको?" मेहुण्यानं विचारलं.

"हवी होती," ते म्हणाले. "पट्टी कमीच पडली असती."

"मग हे आत जाऊन सांगा. हिच्यासमोर. आणि तोंडाचंही."

हिरवेकाका स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. कचेरीच्या निरोपसमारंभात दोन शब्द बोलायची वेळ आली, तेव्हा ते संडासात जाऊन बसले होते. इथं तीन बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

"वहिनी," ते म्हणाले, "गाड्या आल्या नाहीत त्या माझ्या हातामुळं. पट्टी मी चुकीच्या रस्त्याला दिली. ह्याच्या तोंडाचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता. ते मी, ते मी उगीच बोललो."

मागं उभ्या असलेल्या मेहुण्यानं शिवलेला नकाशा पुढं केला. हिरवेकाकांच्या बायकोनं तो पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. "छपाईत गडबड, होय?" एवढंच म्हणाली, पण तिनं त्यांच्या हाताला धरलं. मेहुण्याची बायको हातातली पळी तशीच धरून उभी होती. आमटी उतू जाऊन शेगडी फसफसली तरी तिचं लक्ष नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा बघत असल्यासारखी.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून लाल रंग दिसला. मेहुण्याचे पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. त्याच्या बायकोनंही सवयीनं पदराला हात पुसले आणि दोन पावलं पुढं टाकली. मग ती थांबली.

"अहो," ती म्हणाली, "तिकडे कुठं निघालात? गिऱ्हाईक आलंय. तुम्ही व्हा पुढं."